गड्ड्याचे पाच दिवस आणि स्कीची वही

सोलापूरच्या आमच्या गटात स्की करणारे सहा जण आहेत. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, वहिनी, त्यांची इंजिनिअरिंगला असलेली मुलगी, एक डॉक्टर, एका शाळेतले पीटीचे सर, आणि पुण्याहून येऊन-जाऊन असणारी मी. हिवाळ्यात आम्ही गुलमर्गला जातो, कधी औलीला, आणि परत आलो की एका वहीत प्रत्येकाच्या नावावर स्कीचे दिवस मांडतो. दादाचा टॉवेलचा कारखाना आहे. वही तिथलीच, स्टॉकबुकाची, लाल कापडी पुठ्ठ्याची.

ही वही आम्ही हौसेखातर ठेवत नाही. तिच्यावर एक नियम उभा आहे: वहीत तीस दिवस भरल्याशिवाय, गुलमर्गच्या गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, दुसऱ्या टप्प्यावरून गस्तीबाहेरच्या, म्हणजे जिथे बचावपथकाची गस्त नसते अशा, उतारांवर कुणी जायचं नाही, गाइड बरोबर असला तरी नाही. त्यामुळे कुठला दिवस धरायचा आणि कुठला सोडायचा, हा आमच्यासाठी फार गंभीर प्रश्न आहे. गेल्या हंगामातल्या एका दिवसावरून दादा आणि त्याची लेक यांच्यात वर्षभर धुसफूस चालू होती. जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या म्हणजेच गड्ड्याच्या तोंडावर, वहिनींचा फोन आला, "ताई, गड्ड्याला या. यात्रा होईल, आणि फेब्रुवारीत निघायच्या आत ह्या दोघांचं एकदा मिटवून टाकू."

पहिला दिवस

पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस धरली. दौंड मागे पडेपर्यंत अंधार झाला होता, कुर्डुवाडीला डब्यात हुरड्याच्या गप्पा सुरू झाल्या आणि रात्री सोलापूर आलं. स्टेशनवर दादा घ्यायला आला होता. घरी वहिनींनी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि भोगीच्या तयारीतल्या भाज्यांमधून काढलेलं वांगं असं ताट वाढलं. जेवण झाल्यावर दादानं काही न बोलता वही आणून माझ्यासमोर ठेवली.

वाद असा होता. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा तिथून कोंगडोरीला नेतो, तीन हजार मीटरच्या थोडं वर. दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत जातो, जवळजवळ ३,९५० मीटरवर. वारा सुटला की दुसरा टप्पा बंद ठेवतात. गेल्या फेब्रुवारीतल्या त्या दिवशी सकाळभर तो बंद होता. दुपारी उघडला तेव्हा दादा, भाची आणि एक गाइड असे तिघं वर गेले. वर पोचेपर्यंत ढग खाली आला. असा ढग आला की बर्फ आणि आभाळ एकाच रंगाचं होतं, पायाखालचा उतार कुठे वळतो, कुठे तुटतो ते डोळ्यांना कळत नाही. दादानं स्की पायात चढवली, दहा-पंधरा मीटर सरकून पाहिलं, थांबला, स्की काढली आणि गोंडोलानंच खाली आला. भाची गाइडच्या मागोमाग उतरून कोंगडोरीला सुखरूप पोचली.

वहीतला जुना नियम एका ओळीचा होता: वरून खाली स्कीवर उतरलो तर दिवस. त्याप्रमाणे भाचीचा दिवस लागला, आणि त्या दिवसानं तिचे तीस पूर्ण झाले. दादाच्या रकान्यात फुली पडली.

"मला माझा दिवस नको आहे," दादा म्हणाला, "पण मग तिचाही धरू नका. त्या उजेडात उतरणं म्हणजे स्की नव्हे."

"नियम तुम्हीच केलाय ना, पप्पा?" आतल्या खोलीतून आवाज आला.

मी वही मिटली आणि यात्रेनंतर बसू म्हटलं. पण झोप लागेपर्यंत विचार तोच होता. दोघांचंही बोलणं मला खरं वाटत होतं आणि नियम मात्र एकच दिवस मोजत होता.

दुसरा दिवस

हा तैलाभिषेकाचा दिवस. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापूरच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापन केली, आणि या दिवशी सातही नंदीध्वज त्या लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून मिरवणूक सुटते. आम्ही विजापूर वेशीजवळ उभे राहिलो. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं रस्ताभर, डोक्यावर फेटे, आणि मधूनमधून उठणारी गर्जना, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र, श्री सिद्धेश्वर महाराज की जय!"

नंदीध्वज जवळून पाहिला नसेल तर त्याच्या उंचीची कल्पना येत नाही. दोन मजली घराच्या वर जाणारी, सजवलेली काठी एक माणूस कमरेच्या पट्ट्यात उभी पेलतो आणि चालतो. वजन तर आहेच, पण खरा कस तोलाचा आहे. वर शेंडा जरासा कलला की खाली माणसाचा सगळा देह त्याला उत्तर देतो. पाय कुठे पडतोय हे पाहायला त्याला खाली मान घालता येत नाही.

पीटीचे सर आम्हाला तिथेच भेटले. त्यांचा एक जुना विद्यार्थी यंदा नंदीध्वज पेलणाऱ्यांत होता. सर म्हणाले, "यात्रेच्या आधी कितीतरी दिवस ही पोरं संध्याकाळी सराव करतात. पण सराव वेगळा आणि यात्रेतलं पेलणं वेगळं, हे कुणाला सांगावं लागत नाही." सर स्वतः पहाटे मोकळ्या रस्त्यावर चाकांच्या स्केट्सवर सराव करतात. गुडघ्यात वाकणं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणं, वळताना बाहेरच्या पायावर दाब देणं, हे सगळं त्यात येतं. तरी त्यांनी आजवर तो एकही दिवस वहीत धरा म्हटलेलं नाही. बर्फ पायाखाली सतत बदलतो, सकाळी काचेसारखा कडक, दुपारी जड आणि ओला. डांबर कधी बदलत नाही. सरांचं हे म्हणणं आम्हा सगळ्यांना मान्य आहे.

मी मात्र दुसरंच काही पाहत राहिले. थोड्या-थोड्या अंतरावर पेलणारा बदलत होता. एकाचा दम भरत आला की तो डगमगायच्या आत दुसरा पुढे यायचा, पट्टा सरकायचा, काठी एका देहातून दुसऱ्या देहात जायची आणि मिरवणूक चालू राहायची. ज्यानं सोडली त्याच्या चेहऱ्यावर कमीपणा नव्हता. लोक त्याच्याही पाया पडत होते. तो ओढून-ताणून आणखी वीस पावलं चालला असता तर कुणी त्याला शूर म्हटलं नसतं, उलट जुन्या माणसांनी झापलं असतं. मी हे दादाला बोलून दाखवलं. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "वेळेवर सोडता येणं हाही पेलण्याचाच भाग आहे."

संध्याकाळी पाय भरून आले होते. मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. आम्ही लवकर घरी आलो.

तिसरा दिवस

अक्षतांचा दिवस. कुंभाराच्या मुलीनं सिद्धरामांशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावला, अशी कथा आहे. नंदीध्वज हे त्या योगदंडाचं रूप. तळ्याकाठी, संमती कट्ट्याजवळ, संमती वाचली जाते आणि प्रत्येक वेळी हजारो हात एकदम वर जातात. पांढऱ्या कपड्यांवर पडलेल्या त्या तांदळाबद्दल यापेक्षा जास्त लिहू नये, ते तिथे उभं राहूनच अनुभवावं.

दुपारी डॉक्टर घरी आले, आणि खरी चर्चा त्यांनी सुरू केली. डॉक्टर मधे काही दिवस दुबईला मुलाकडे होते. तिथल्या मॉलमध्ये २००५ पासून छपराखाली बर्फाचा उतार आहे, सर्वांत लांब उतार सुमारे ४०० मीटरचा. डॉक्टर तिथे रोज जात होते, आणि त्यांना ते दिवस वहीत हवे होते.

"बर्फ खरा आहे, स्की खरी आहे, लिफ्ट आहे, वळणं मी घेतली. मग काय कमी आहे?"

त्यांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यांनी ते नीट मांडलं. अमेरिकेतल्या स्की रिसॉर्टवाल्यांच्या संघटनेची मोजणी कशी चालते ते त्यांनी सांगितलं. एका माणसानं दिवसाच्या किंवा रात्रीच्या कुठल्याही भागात स्की करण्यासाठी दिलेली एक भेट, म्हणजे एक दिवस. एक तास असो की आठ तास, पहिल्यांदाच पडत-उठत शिकणारा असो की शर्यतीतला, हिशेब एकच. तिथे २०२२-२३ च्या हंगामात अशा साडेसहा कोटींच्या आसपास भेटी झाल्या. तिकडच्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये पासच्या कार्डात चिप असते, ती लिफ्टच्या दारात वाचली जाते आणि फोनवर तुमचे दिवस, तुमची उतरलेली उंची आपोआप जमा होत जाते.

"म्हणजे दारातून आत गेलो की दिवस," वहिनी म्हणाल्या.

"त्यांच्यासाठी बरोबरच आहे," मी म्हटलं. "त्यांना किती गर्दी आली, किती लिफ्ट लागतील, किती तिकिटं खपली हे मोजायचं असतं. आपल्याला ते मोजायचं नाही. आपल्याला हे मोजायचंय की हा माणूस डोंगराला कितपत ओळखायला लागला आहे."

माझं मत इथे ठाम आहे. छपराखाली वारा नाही, ढग नाही, उजेड बदलत नाही, बर्फाचे थर एकमेकांवर साचत नाहीत. वळण उत्तम शिकता येतं, निर्णय शिकता येत नाही. आमच्या तीस दिवसांचा नियम निर्णयासाठी आहे. डॉक्टरांना हे पटलं नाही. ते म्हणाले, गुलमर्गच्या मैदानातल्या बारक्या लिफ्टवर ऊन पडलेलं असताना दिवसभर वर-खाली केलं तर त्यात तरी कुठला निर्णय असतो? ह्याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हतं. तरी एवढं खरं की तिथे उभं राहून अफरवटकडे पाहता येतं. वर ढग बसलाय का, वारा कुठून येतोय, काल रात्री किती पडलं, हे शिकाऊ माणूसही नकळत बघायला लागतो.

वहिनींनी यात आपली बाजू घातली, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटली. औलीच्या कोर्समध्ये पहिले काही दिवस त्या लिफ्टवर बसल्याच नाहीत. स्कीची टोकं बाहेर फाकवून, माशाच्या काट्यासारख्या खुणा उमटवत चढायचं, नांगरासारखी टोकं जुळवून पाच मीटर खाली यायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. "ज्याला तुम्ही उतार म्हणता तो मी त्या दिवसांत पाहिलाही नव्हता," त्या म्हणाल्या, "पण संध्याकाळी जिना उतरता येत नव्हता. ते दिवस कुणी काढले तर मी वही फाडून टाकीन." ते दिवस काढायचा विचार कुणाच्याच मनात नव्हता. पण यातून एक गोष्ट उघड झाली की अंतरावर, उंचीवर किंवा किती वेळा उतरलो यावर दिवस ठरवता येणार नाही. अफरवटवरून जंगलातून थेट पायथ्याच्या तनमर्ग गावापर्यंत उतरणारे लोक दिवसात एकदाच उतरतात आणि टॅक्सीनं परत येतात. त्यांचा एक उतार आणि मैदानातले चाळीस उतार यांची बेरीज कशी करणार?

मग गाडी रेनर हर्ट्रिचवर आली. स्की करणाऱ्यांत दिवस मोजायचा विषय निघाला की या माणसाचं नाव येतंच. कोलोरॅडोत कॉपर माउंटनला तो रात्री बर्फ सारखा करणारं यंत्र चालवायचा. २००३ च्या नोव्हेंबरपासून २०१२ च्या जानेवारीपर्यंत त्यानं एकही दिवस न चुकवता स्की केली, सलग २,९९३ दिवस. उन्हाळ्यात तो ऑरेगॉनच्या माउंट हुडवर जायचा, तिथे हिमनदीवर उन्हाळ्यातही लिफ्ट चालते, आणि कधी दक्षिण अमेरिकेत, जिथे तेव्हा हिवाळा असतो. हृदयाच्या ठोक्यांत बिघाड निघाला तेव्हा त्यानं साखळी थांबवली.

सगळे त्या आकड्यानं भारावतात, आणि भारावण्यासारखाच तो आहे. मला त्यातला शेवटचा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो. तीन हजाराला सात दिवस उरले होते. इतक्या जवळ आलेला गोल आकडा सोडून देणं किती कठीण गेलं असेल! डॉक्टर, डॉक्टर म्हणूनच, लगेच म्हणाले, "थांबला हे शहाणपण." दादानं भाचीकडे पाहिलं नाही, पण भाची उठून आत गेली.

चौथा दिवस

सकाळी भाची म्हणाली, "आत्या, तळ्यावर येतेस?" आम्ही सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं, भुईकोट किल्ल्याच्या बाजूनं चालत राहिलो. होम मैदानावर पाळणे फिरायला अजून वेळ होता, दुकानदार ताडपत्र्या उघडत होते.

तिनं स्वतःहून सांगायला सुरुवात केली. "त्या दिवशी मला वर काही दिसत नव्हतं. खाली उतार आहे की सपाट आहे तेही कळत नव्हतं. गाइडच्या जॅकेटचा केशरी रंग तेवढा दिसायचा, तो जिथे वळला तिथे मी वळायची. दोनदा तर मी उभी आहे की सरकतेय हेच समजलं नाही. पप्पा म्हणाले, चल गोंडोलानं जाऊ. मला जायचं होतं गं त्यांच्याबरोबर. पण गोंडोलानं गेले असते तर फुली पडली असती. एकोणतिसावर राहिले असते, आणि दुसऱ्या दिवशी आपण परत निघणार होतो."

मी विचारलं, "खाली पोचल्यावर कसं वाटलं?"

"आधी वाटलं, झाले तीस. मग पप्पा कोंगडोरीला उभे दिसले. ते काही बोलले नाहीत. तेव्हापासून त्या तीसकडे बघवत नाही. पण भांडताना मी नियमच धरून बसले, कारण माझ्याकडे दुसरं काय होतं?"

मला त्या क्षणी वहीचा राग आला. आम्ही सहा शहाण्यासुरत्या माणसांनी, सुरक्षिततेसाठी म्हणून, एक नियम केला होता, आणि त्या नियमानंच एका एकवीस वर्षांच्या मुलीला काही दिसत नसताना ४,००० मीटरच्या जवळच्या उतारावर ढकललं. ती गस्तीतल्या भागात होती, गाइड जाणता होता, काही झालं नाही. पण डोंगरावर नेहमीच काही होत नाही असं नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या हापतखुड भागात हिमस्खलन होऊन पोलंडचे दोघे स्कीवाले गेले. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारीला, कोंगडोरीच्या वरच्या भागात एक रशियन स्कीवाला गेला. ती माणसं कुठल्या हिशेबानं तिथे गेली होती, यावर बोलायचा मला अधिकार नाही. पण आपल्या वहीबद्दल बोलायचा आहे. जी मोजणी परत फिरणाऱ्याला शून्य देते, ती मोजणी परत फिरू नका असं सांगते. शब्दांत सांगत नाही, म्हणून जास्त वाईट.

तिला मी एवढंच म्हटलं की हे सगळं उद्या सगळ्यांसमोर बोल. ती म्हणाली, "पप्पांसमोर?" मी म्हटलं, "त्यांच्यासमोरच."

संध्याकाळी होम झाला. नंतर वासराची भाकणूक ऐकायला मैदानावर लोक दाटीवाटीनं थांबले होते, येणारं साल पावसापाण्याचं कसं जाईल याकडे सगळ्यांचे कान. आम्ही मागे उभे होतो, नीट ऐकू आलं नाही.

पाचवा दिवस

सकाळी शेंगापोळी आणि तूप खाऊन सगळे बैठकीच्या खोलीत बसलो. भाचीनं, मला सांगितलं होतं तसंच, काही न लपवता सांगितलं. दादाचा चेहरा आधी कडक झाला, मग त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटायचं तुला दिसत होतं म्हणून तू गेलीस," तो म्हणाला. "म्हणूनच मी चिडलो होतो, की मला म्हातारा समजून गेलीस." बाप-लेकीत वर्षभर हा एवढा गैरसमज होता. वहिनी उठून चहा टाकायला गेल्या.

मग सरांनी वाट दाखवली. शर्यतीतला माणूस असल्यानं त्यांना ती लगेच सुचली. "शर्यतीच्या निकालपत्रकात फक्त वेळा नसतात," ते म्हणाले. "जो सुरुवातीच्या दारातून निघाला आणि पूर्ण करू शकला नाही त्याच्यापुढे डीएनएफ लिहितात. जो निघालाच नाही त्याच्यापुढे डीएनएस. पत्रकात दोघांची नावं असतात, पण ती वेगवेगळ्या अर्थानं." त्यांनी आरिफ खानचं उदाहरण दिलं. तनमर्गजवळचा हा खेळाडू २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव प्रतिनिधी होता. जायंट स्लॅलम या वळणांच्या शर्यतीत तो ४५ वा आला. स्लॅलममध्ये त्याची शर्यत पूर्ण झाली नाही, डीएनएफ. "म्हणून तो त्या दिवशी ऑलिंपिकमध्ये उतरला नाही असं म्हणणार का कुणी?"

त्यावरून नवा नियम बनत गेला. शब्दाशब्दावर घासाघीस झाली. डॉक्टरांची शंका रास्त होती की परत फिरलेल्या दिवसाला आकडा दिला तर उद्या कुणी हॉटेलात रजई पांघरून बसेल आणि लिहील, हवा बरी नव्हती. म्हणून ठरलं की बूट चढले पाहिजेत, स्की खऱ्या उतारावर, उघड्या आभाळाखाली बर्फाला टेकली पाहिजे, आणि तिथे उभं राहून त्या माणसानं स्वतः काही ठरवलेलं असलं पाहिजे. उतरायचं ठरवलं तरी दिवस, परतायचं ठरवलं तरी दिवस, दोन्हींना सारखाच आकडा. फरक इतकाच की परत फिरलेल्यानं कारण लिहायचं: उजेड, वारा, बर्फाचा थर, थकवा, भीती. "भीती" हा शब्द वहीत असावा असा माझा आग्रह होता. सर जरा कचरले, पण वहिनींनी माझी बाजू घेतली. नवशिक्याचे काट्यासारखं चढण्याचे दिवस अर्थातच आत, कारण पाच मीटरच्या उतारावरही कुठे थांबायचं ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

आणि एक भर दादानं घातली. तीस दिवसांचा आकडा राहील, पण तीस झाले म्हणून गस्तीबाहेर जायला मिळणार नाही. त्या तीसमध्ये निदान काही दिवस परत फिरलेले असले पाहिजेत. "ज्यानं कधीच माघार घेतली नाही त्याच्यामागे मी बाहेरच्या उतारावर जाणार नाही," तो म्हणाला. मला वाटतं, गेल्या कित्येक हंगामांत आमच्यापैकी कुणी बोललेलं हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे. यावर मात्र एकमत झालं नाही. सरांचं म्हणणं, हवामान सतत चांगलं मिळालं तर काय मुद्दाम परत फिरायचं? मुद्दाम फिरलं तर पुन्हा आकड्यासाठीच झालं ते. यात तथ्य आहे. शेवटी तो मुद्दा पक्का नियम म्हणून न लिहिता, गस्तीबाहेर जाण्याआधी सगळ्यांनी मिळून त्या माणसाचं पान वाचायचं, एवढं ठरलं.

दादाच्या रकान्यातली फुली खोडून त्यानं तिथे आकडा घातला आणि पुढे लिहिलं: ढग, उजेड नाही, वरूनच परत. भाचीचा दिवस कायम राहिला, नव्या नियमानंही तो बसतोच. पण तिनं पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात, जो उतरणाऱ्यानं भरायची गरजही नव्हती, बारीक अक्षरात लिहिलं: दिसत नव्हतं, आकड्यासाठी उतरले. कुणी काही म्हटलं नाही. गस्तीबाहेर यंदा जायचं की नाही ते तिनं स्वतःच सांगून टाकलं, यंदा नाही.

राहिली दुबई. डॉक्टरांनी शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. मधला मार्ग म्हणून वहीच्या शेवटी सरावाची वेगळी पानं केली, सरांचे चाकांचे दिवसही त्यात जातील. डॉक्टर म्हणाले, "बर्फावरचा दिवस आणि डांबरावरचा दिवस एकाच पानावर? हे मला मान्य नाही." सरांनाही ते फारसं आवडलेलं दिसलं नाही, कारण निराळं, पण आवडलं नाही हे नक्की.

संध्याकाळी होम मैदानावर शोभेची दारू उडाली. गर्दीत लहान मुलं खांद्यावर, पाळण्यांची रांग, भज्यांचा वास. आम्ही थोडा वेळ थांबलो आणि मी सिद्धेश्वर एक्स्प्रेससाठी स्टेशनवर आले. दादानं सामान चढवता चढवता फेब्रुवारीच्या तिकिटांचं विचारलं, वहिनींनी शेंगाचटणीचा डबा दिला. गाडी सुटायच्या बेतात डॉक्टरांचा मेसेज आला. त्यांनी दुबईच्या दिवसांसाठी एक लेखी निवेदन तयार केलं होतं, दोन पानी, मुद्देसूद. मी उत्तर पाठवलं की वाचते, पण मत बदलेल असं वाटत नाही, गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी बोलू.